बावीस गुंठे आणि आठवड्यातून एक फेरी: पहिल्या वर्षाच्या नोंदी

जागा खानापूर तालुक्याच्या बेळगावकडच्या अंगाला. तांबडी मुरमाड जमीन, २२ गुंठे, वरून खाली उताराची. राहणं बेळगावात, अंतर २३ किलोमीटर. दोघांच्याही नोकऱ्या, सुटी फक्त रविवारी. पाच वर्षांत घरच्या भाजी-फळांचा बराच भाग स्वतःचा व्हावा आणि पगाराच्या जोडीला याच कामातून दुसरं उत्पन्न उभं राहावं, एवढा हेतू. पर्माकल्चर (निसर्गाच्या रचनेवर बेतलेली, टिकाऊ शेती) म्हणजे काय ते इथं सविस्तर सांगत बसलेलो नाही. काय केलं, काय फसलं, किती पैसे गेले, एवढंच आहे.

३ मार्च, आठवडा १

नियोजनाचा पहिला कागद फाडला. त्यावर ४१ झाडांची यादी होती आणि बाकी काहीच नव्हतं. यादी करायला मजा येते, पण त्या झाडांना पाणी कोण घालणार याचं उत्तर तिच्यात नसतं.

दुसऱ्या कागदावर तीनच आकडे लिहिले. वेळ: आठवड्याला १४ तास (रविवारी ८, बुधवारी संध्याकाळी ३, घरी ३). पाणी: शिवारात बोअर नाही, विजेचं कनेक्शन नाही, म्हणजे पाऊस आणि कॅन. पैसा: वर्षाला ३०,००० रुपये, त्यापुढं एक रुपया नाही.

शिकायच्या गोष्टीही तीनच ठेवल्या: जमिनीची लेव्हल काढणं, आंब्याचं कोय कलम (कोयीच्या कोवळ्या रोपावर काडी बांधणं), आणि कन्नड वाचणं. तिसरी गोष्ट यादीत पाहून हसू येईल, पण पहाणीपासून (कर्नाटकातला सातबारा) अनुदानाच्या अर्जापर्यंत सगळे कागद कन्नडमध्ये. ते दुसऱ्याकडून वाचून घेण्यात प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो.

७२ तासांचा पर्माकल्चर डिझाइनचा कोर्स यंदा करायचा नाही असं ठरवलं. एक पावसाळा स्वतःच्या बांधावर काढल्याशिवाय तिथं विचारायला नेमके प्रश्नच नसतात.

३१ मार्च, आठवडा ५

उतार मोजला. जागा वरून खाली ४६ मीटर, रुंदी ४८ मीटर. वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत उतार २.३ मीटर, म्हणजे शंभराला पाच.

मोजणीसाठी आधी ए-फ्रेम केली: सात फुटी दोन बांबू, मध्ये चार फुटी आडवा, वरून ओळंबा. बांधल्यावर ती एकदा उलटसुलट फिरवून दोन्ही खुणांच्या बरोबर मध्यावर रेघ मारायची, तरच ती खरी. ते केलं होतं. पण दुपारचा वारा सुटला की ओळंबा ठरेना. एका रेषेवर तीन तास घालवले आणि तीन वेगळ्या रेषा मिळाल्या. शेवटी गवंड्याची लेव्हल पाइप (पाणी भरायची पारदर्शक नळी) आणली: १५ मीटर, २८० रुपये. एका तासात तेच काम झालं. निदान तसं तेव्हा वाटलं (३० जूनची नोंद पाहा).

१४ एप्रिल, आठवडा ७

सहा आठवड्यांचा वेळेचा हिशेब मांडला. ठरवले १४ तास, भरले सरासरी साडेनऊ. बुधवारची संध्याकाळ सहापैकी चार वेळा बुडाली. ड्युटी सुटून पोचेपर्यंत पावणेसात, तोवर अंधार पडायला आलेला. जाऊन बांधावर उभं राहायचं आणि परत यायचं, त्यात पेट्रोल वेगळं.

पूर्ण आराखडा याच आकड्यावर बदलला. रोज लक्ष लागणारी गोष्ट पायाजवळ हवी, हे सगळे सांगतात, पण आपण ते शेताच्या आत लावतो: झोपडीजवळ भाजी, लांब झाडं. आमचं घरच २३ किलोमीटरवर आहे. म्हणजे शिवारातला कुठलाही कोपरा ‘जवळ’ नाही. तिथं आठवड्यातून एकदा पाय लागतो, तर आठवडाभर वाट पाहू शकेल तेच तिथं लावायचं: रताळी, सुरण, हळद, तूर, फळझाडं, कुंपण. पालेभाजी, मिरची, टोमॅटो, रोपवाटिका आणि खताचा ढीग बेळगावच्या घराच्या परसात. परसू जेमतेम ३० बाय २० फूट आहे, पण तिथं दिवसातून चार वेळा सहज जाणं होतं.

बुधवार रद्द. त्या तीन तासांपैकी दोन परसाला दिले, एक कन्नडला.

१२ मे, आठवडा ११

सगळ्यांत जास्त खर्चाचा पंधरवडा. उताराला आडवे दोन चर खोदून घेतले, प्रत्येकी ४४ मीटर. वरून १५ मीटरवर पहिला, ३२ मीटरवर दुसरा. तोंडाशी ६० सेंटीमीटर, तळाशी ४०, खोली ४०. निघालेली माती खालच्या अंगाला बांध म्हणून टाकली. मुरूम कडक, आठ गडी-दिवस लागले, रोज ६०० प्रमाणे ४,८०० रुपये. वळवाचा एक पाऊस झाल्यावर खोदलं असतं तर दोन रोज वाचले असते.

चरात पाणी किती मावतं ते आधी काढलं होतं. आडवा छेद ०.२ चौरस मीटर, गुणिले ४४, म्हणजे ८.८ घनमीटर, साधारण ८,८०० लिटर. पहिल्या चराच्या वर ७२० चौरस मीटर जमीन. दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तिच्यावर ३६,००० लिटर पडतं. त्यातलं चाळीस टक्के वाहून आलं तरी १४,४०० लिटर. चर अपुरा आहे हे कागदावरच दिसत होतं. म्हणून पूर्वेच्या टोकाला सांडवा ठेवला, एक मीटर रुंद. दगड मात्र नंतर लावू म्हणून राहिले.

खालच्या कोपऱ्यात जेसीबीनं ६ बाय ४ मीटरचं, दीड मीटर खोल शेततळं काढलं. साडेतीन तास, तासाला १,३००, एकूण ४,५५०. तिथवर बैलगाडीची वाट आहे, जेसीबीची नाही, म्हणून अर्धा तास नुसता आत शिरण्यात गेला. मीटर तेव्हाही चालू असतो.

कुंपणाला गिरिपुष्पाच्या १५० काठ्या आणल्या. चार-पाच फुटी, अंगठ्यापेक्षा जाड. फुकट मिळाल्या, गाडीभाडं ९००. मंगळवारी तोडलेल्या, लावल्या रविवारी. मधले पाच दिवस उन्हात पडून होत्या.

२६ मे, आठवडा १३

रोहिणी लागलं. आजूबाजूच्या शिवारात भाताची धूळवाफ पेरणी चाललीय.

हिरवळीच्या खतासाठी तागाचं बी अनुदानावर घ्यायचं होतं. त्यासाठी शेतकरी नोंदणीचा एफआयडी नंबर लागतो, आणि तो निघेना. कारण पहाणीवर नाव एका पद्धतीनं, आधारवर दुसऱ्या. दोन खेपा वाया. चूक आमचीच, कागद मार्चमध्ये तपासायला हवे होते. नाव दुरुस्त होऊन नंबर हातात यायला पाच आठवडे लागले. तोवर तागाची वेळ गेली, बी दुकानातून पूर्ण भावानं घेतलं.

कन्नडची प्रगती: ऑफिसातला एक सहकारी जेवणाच्या सुटीत वीस मिनिटं शिकवतो. पहाणीवरचे रकाने आता वाचता येतात. ‘बेळे’ म्हणजे पीक, ‘बेऽळे’ म्हणजे डाळ. एका मात्रेत तुरीच्या शेताची आमटी होते. ‘कृषी होंडा’ दिसलं की ते शेततळं.

घरच्या पत्र्याचं पाणी १,००० लिटरच्या टाकीत घेतलं. टाकी ५,८००, पाइप आणि जोडण्या १,४५०. छत ५५ चौरस मीटर. १५ टक्के तूट धरली तर एका मिलिमीटरला ४७ लिटरभर मिळतं, म्हणजे साधारण २१ मिलिमीटरला टाकी भरते. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढायला चार इंची पाइपचा अडीच मीटरचा उभा तुकडा, खाली झाकण. त्यात वीस लिटर बसतं.

हा खर्च घाईचा झाला. इथं जून ते सप्टेंबर टाकीची गरजच पडत नाही, आणि गरज पडते तेव्हा हजार लिटर म्हणजे रोजच्या ५० लिटरनं वीस दिवस. पहिल्या वर्षी हे पैसे चराच्या दगडाला घालायला हवे होते.

९ जून, आठवडा १५

मृगाचा पाऊस वेळेवर. लावलं ते असं: आंबा ४, फणस २, काजू ६, शेवगा ८, हादगा २०, पपई १२. पपई दोन्ही चरांच्या बांधावर, ‘चराचं पाणी मिळेल’ म्हणून. बांधाच्या कडेला हळद आणि सुरण. परसात वाळूच्या वाफ्यात आंब्याच्या १२० कोयी, पोट खाली करून.

जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत) केलं. एकराला २०० लिटर धरतात, त्या हिशेबानं १०० लिटरचं: शेण ५ किलो, गोमूत्र ५ लिटर, काळा गूळ १ किलो, बेसन १ किलो, बांधावरची मूठभर माती. पहिलं पिंप बिघडलं. झाकण घट्ट लावून शिवारातच ठेवलं, ढवळायला कोण नाही, आठवड्यानं उघडलं तर सडका वास. पुढचं परसात केलं. वर पोतं, सकाळ-संध्याकाळ ढवळणं, चौथ्या दिवशी कॅनमध्ये भरून शिवारात. तेही रोजचंच काम होतं, हे आधी कळलं नाही.

३० जून, आठवडा १८

पहिल्या चराचा बांध फुटला. पश्चिमेकडून सहा मीटरवर, दोन मीटरचं खिंडार. सांडवा पूर्वेला आणि पाणी फुटलं पश्चिमेला, म्हणजे लेव्हलच चुकीची.

पुन्हा मोजलं. पश्चिमेचं टोक सहा सेंटीमीटर खाली. मार्चमध्ये लेव्हल भर दुपारी घेतली होती. पाइप तासभर उन्हात पडलेली, पाणी कोमट होऊन आत बारीक बुडबुडे धरलेले. एक बुडबुडा नळीत अडकला की दोन्ही तोंडांची पाणी-रेषा खोटी. त्यात १५ मीटरच्या पाइपनं ४४ मीटरची रेषा तीन टप्प्यांत घेतली, प्रत्येक टप्प्याची चूक पुढच्यात मिळत गेली.

आता पद्धत अशी: सकाळी आठच्या आत. पाणी नळाला लावून भरायचं नाही, उंचावरच्या बादलीतून ओढून घ्यायचं. पाण्यात थोडी नीळ, म्हणजे रेषा दिसते. प्रत्येक टप्प्याआधी दोन्ही तोंडं शेजारी-शेजारी धरून पाणी एका रेषेत आहे का बघायचं. नसेल तर पाइप उचलून झटकायची. आणि शेवटच्या खुंटीवरून परत पहिल्या खुंटीपर्यंत उलटी मोजणी. दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर सगळं पुन्हा.

खिंडार मातीच्या पोत्यांनी बुजवलं. एक रविवार गेला.

१४ जुलै, आठवडा २०

पपया गेल्या. बारापैकी नऊ. बुंधा जमिनीलगत मऊ पडून काळा, हात लावला की झाड आडवं. पपईच्या मुळाशी दोन दिवस पाणी उभं राहिलं तरी पुरतं. इथं चर पंधरा दिवस तुडुंब आहे आणि बांधाची माती वरपर्यंत भिजलेली. हळद तगली, सुरण तगलं.

यंदाची सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती लेव्हलची नाही, विचाराची आहे. सपाट चर पाणी अडवून जिरवायला असतात. सौंदत्ती, अथणी, गोकाकच्या अंगाला, जिथं पाऊस थोडा आणि अधूनमधून, तिथं ते सोनं. जिल्हा तोच, पण जांबोटी-कणकुंबीच्या, मलप्रभा उगम पावते त्या अंगाला जाल तसा पाऊस कितीतरी पट होत जातो, आणि आमचं शिवार त्या वाटेवर आहे. जुलैत जमीन पोटभर प्यालेली असते, तिला आणखी पाजून उपयोग नाही. इथं जुलै-ऑगस्टला पाणी बाहेर काढायचं आणि सप्टेंबरनंतरचं अडवायचं. ज्या माहितीवर आराखडा केला ती कोरड्या मुलखाची होती आणि आम्ही ती तशीच उचलली. शेजारच्या भातशेतकऱ्याला एक प्रश्न विचारला असता, ‘जुलैत इथं पाणी किती दिवस उभं राहतं?’, तर सहा हजार वाचले असते. त्याच्या खाचराला पाणी काढायची मोरी आहे. ती आम्ही मार्चपासून बघत होतो.

दुरुस्ती: दोन्ही चरांना पूर्वेकडं ४४ मीटरला २० सेंटीमीटर उतार दिला, पावसातच, दोघांनी, तीन रविवार. दर आठ मीटरला चराच्या तळात वीतभर उंच दगडांची आडवी ओळ, म्हणजे पाणी पळत नाही आणि माती मागं साचते. दोन्ही सांडव्यांना दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर), तिथून पाणी शेततळ्यात.

उरलेल्या तीन पपया ४५ सेंटीमीटर उंच गाद्यांवर हलवल्या. दोन जगल्या.

२८ जुलै, आठवडा २२

सहा गुंठ्यांत रताळी लावली. सरी दोन फुटांवर, वेलाचे तुकडे वीतभर, तीन-चार डोळ्यांचे, मधले दोन डोळे मातीत. वेल आणि सऱ्या मिळून २,७०० रुपये. पिकाला भाव कसाही असो, आठवडाभर कोणी बघितलं नाही तरी ते रागावत नाही.

कोय कलमं: ५० बांधली. रोपं दोन आठवड्यांची, पानं अजून तांबूस. काडी तीन-चार महिन्यांची हवी आणि तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटायची असतात. आम्ही सकाळी पानं छाटून दुपारी बांधली. ५० पैकी १७ लागली. दुसऱ्या हप्त्यात पानं आधी छाटली, काडी आणि रोप एकाच जाडीचं घेतलं, वर पेप्सीकोल्याच्या पारदर्शक पिशवीची टोपी घातली, जेणेकरून पावसाचं पाणी सांध्यात जाणार नाही. ५० पैकी ३१. पाती, पिशव्या, पट्टी मिळून १,३५०.

गिरिपुष्पाच्या १५० पैकी ९४ फुटल्या. उन्हात पडलेल्या गठ्ठ्याच्या बाहेरच्या काठ्या मेल्या, आतल्या जगल्या. शिवाय सात काठ्या उलट्या लावलेल्या निघाल्या. वरच्या टोकाला तिरका आणि खालच्याला सरळ काप द्यायची सवय लावली की हे होत नाही.

परसात पिंजराचं (भाताच्या पेंढ्याचं) आच्छादन घातलं आणि गोगलगायी मागून आल्या. एका रात्रीत कोथिंबीर साफ. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी वाफ्यांत पसरायची, सकाळी उचलून खाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात. नऊ दिवसांत आटोक्यात. जुलैत पालेभाजीला आच्छादन घालूच नये. माती उघडी राहिली तरी चालते.

१८ ऑगस्ट, आठवडा २५

उत्पन्नाच्या पहिल्या योजनेचा निकाल. दहा घरांना दर आठवड्याला भाजीची टोपली द्यायची, असं मार्चमध्ये लिहिलं होतं. जुलैपासून पाच घरांना सुरुवात केली. सातपैकी चार आठवडे टोपली भरलीच नाही; जी भरली त्यात माठ आणि दोडका, पुन्हा माठ आणि दोडका. सांगून बंद केली. कडोलीसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या भाजी करणारे लोक त्याच बाजारात माल आणतात. ६०० चौरस फुटांच्या परसानं त्यांच्याशी पावसाळ्यात भावानं किंवा नेमानं बरोबरी करायची नाही, हे आधीच लक्षात यायला हवं होतं.

परसातला खताचा ढीगही उघडा राहून भिजला. आतली ऊब गेली, खालून काळं पाणी. वर ताडपत्री, एक भाग ओल्याला तीन भाग सुका पाला. लोखंडी सळई आत खुपसून दहा मिनिटांनी हाताला गरम लागली की ढीग चालू आहे.

१५ सप्टेंबर, आठवडा २९

काम नाही. गणपतीचे दिवस.

६ ऑक्टोबर, आठवडा ३२

हस्ताच्या आधी सांडव्यांत मातीची पोती लावली. परतीच्या पावसाचं पाणी आता आत राहतंय.

शेततळं गळतं. काठी रोवून रेघा मारल्या: रोज चार सेंटीमीटर उतरतंय. उन्हानं उडणारं या दिवसांत अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावं, बाकीचं मुरमातून खाली. प्लास्टिकचा कागद घालायचा खर्च आवाक्याबाहेर, शिवाय गुरं उतरली की फाटतो. खानापूरची माती कुंभारकामाला आणि कौलांना नावाजलेली; ती चिकणमातीच दोन ट्रॉली आणली, वाहतुकीसह ३,६००. पाणी उपसून तळाला आणि बाजूंना वीतभर थर, आणि भातलावणीला चिखलणी करतात तशी पायांनी तुडवली. चार माणसं, दोन दिवस, मजुरीऐवजी जेवण.

२० ऑक्टोबर, आठवडा ३४

थराला भेगा. तुडवून झाल्यावर पाणी भरायला आठवडा उशीर केला आणि ऊन कडक पडलं. भेगा भिजवून पुन्हा तुडवल्या, वर ओली पिंजर पसरली, त्याच दिवशी चराचं पाणी सोडलं. आता उतार रोज दीड सेंटीमीटर. पाणी डिसेंबरच्या मध्यापर्यंत टिकेल असा अंदाज. (तेवढंच टिकलं. मार्चची गरज यातून भागत नाही.)

१७ नोव्हेंबर, आठवडा ३८

रानडुकरांनी रताळ्याचे जवळजवळ दोन गुंठे नांगरून काढले. शेणीवर मिरच्या जाळून धूर केला. चार रात्री उपयोग, पाचव्या रात्री परत. तारेत वीज सोडायचा सल्ला सर्रास मिळतो. ते बेकायदा आहे आणि त्यानं माणसंही मरतात, त्यामुळं तो प्रश्न नाही. पुढच्या वर्षी रताळी वस्तीकडच्या बाजूला, रानाकडच्या बाजूला हळद-सुरण. डुकरं हळदीला लागली नाहीत.

याच आठवड्यात पहिलं बाहेरचं काम मिळालं. जवळच्या गावात उतारावर काजू लावायचे होते, चरांच्या रेषा आखून हव्या होत्या. एक दिवस, ८२ खुंट्या, १,५०० रुपये. फुटलेल्या बांधानं जे शिकवलं त्याचेच पैसे मिळाले. भाजीच्या टोपलीसाठी दोन महिने झटलो, या कामासाठी जाहिरातही केली नव्हती. शेजाऱ्यानं जुलैत पावसात पाइप घेऊन फिरताना पाहिलं होतं.

१५ डिसेंबर, आठवडा ४२

रताळी काढली. एकूण ४३० किलो, विकण्याजोगी ३८०. बेळगावच्या मार्केट यार्डात क्विंटलला १,६०० मिळाले: ६,०८०. गाडी, तोलाई, हमाली ७२० वजा, हातात ५,३६०. काढताना कुदळीनं कापलेली रताळी कोणी घेत नाही. पन्नासातली तीस किलो तशी गेली. वेल आधी कापून, सरीच्या बाजूनं काटेखोऱ्यानं माती सैल करायची.

१२ जानेवारी, आठवडा ४६

परसात मोरीच्या पाण्यावर केळीचा आळा. दोन मीटर रुंद, मीटरभर खोल खड्डा, सुक्या पाल्यानं भरलेला, भोवतीच्या मातीवर चार केळी आणि मध्ये अळू. तीन आठवड्यांत तोंड तुंबलं: भांड्यांचं तेल आणि खरकटं. मध्ये २० लिटरची बादली बसवली, खाली खडी, वर नारळाचा काथ्या. काथ्या आठ दिवसांनी बदलायचा. पाणी पाल्याखाली राहिलं तर डास नाहीत, वर दिसलं की पाला टाकायचा. ब्लीचचं पाणी या मोरीत सोडायचं नाही, हे घरात सगळ्यांना पटायला खड्ड्यापेक्षा जास्त वेळ लागला.

९ फेब्रुवारी, आठवडा ५०

वणव्यासाठी तिन्ही बाजूंनी तीन मीटर पट्टा साफ केला. आंब्याच्या बुंध्याशी टेकलेल्या पिंजराला वाळवी; एक रोप गेलं. आच्छादन बुंध्यापासून वीतभर लांब हवं. पावसाळ्यात गोगलगायी, उन्हाळ्यात वाळवी. पिंजर बाराही महिने एकसारखी घालायची चीज नाही.

२ मार्च, आठवडा ५३

हिशेब. लेव्हल पाइप २८०, चरांची मजुरी ४,८००, जेसीबी ४,५५०, चिकणमाती ३,६००, रोपं आणि बी ५,२००, गिरिपुष्पाचं भाडं ९००, टाकी-पाइप ७,२५०, पिंजर २,४००, रताळी २,७००, कलमं १,३५०, आणि ४८ फेऱ्यांचं पेट्रोल ५,२८०. एकूण ३८,३१०. ठरवले होते ३०,०००. पेट्रोल अंदाजात धरलंच नव्हतं, आणि टाकी नसती तर तूट जवळपास भरून निघाली असती.

जमा: रताळी ५,३६०. आखणीची तीन कामं ४,५००. ऑक्टोबरनंतर टोपली पुन्हा सुरू केली, दोनच घरं, दहा आठवडे, १५० प्रमाणे ३,०००. एकूण १२,८६०. सुरण, तूर, हळद घरी खाल्ली, ती धरलेली नाही.

वेळ सरासरी दहा तास. पुढच्या वर्षीचा कागद दहाच तासांचा केला; चौदा लिहून चार तासांचं ओझं वागवण्यात अर्थ नव्हता.

शिकण्याचा रकाना: आखणी जमते, पैसे मिळतात. कलमं १०० पैकी ४८ लागली, त्यातली ३९ पावसापूर्वी विकता येतील. कन्नडमध्ये पहाणी आणि अर्ज वाचता येतो, लिहिता येत नाही. डिझाइनचा कोर्स आता करायचा, प्रश्नांची वही तयार आहे. सहभागी हमी पद्धतीच्या (शेतकऱ्यांनी एकमेकांची तपासणी करायच्या) सेंद्रिय प्रमाणपत्राला किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. तिघं तयार आहेत, म्हणून तो विषय एक वर्ष पुढं.

पावसापूर्वीची कामं, क्रमानं: सांडव्यांतली पोती २० मेपर्यंत काढणं. दोन्ही चरांची लेव्हल सकाळी आठच्या आत पुन्हा तपासणं. गिरिपुष्पाच्या ६० नव्या काठ्या, तोडल्याच्या दुसऱ्या दिवशी लावून. एफआयडीवर तागाचं बी, एप्रिलमध्येच. आणि शेततळ्याचा तळ तोवर ओला राहील असं बघणं. दर रविवारी पिंजर भिजवायला खालच्या विहिरीवरून चार कॅन.